कोणत्या वावराचा हिशेब राहिला?
संगणकी कामांची यादी पाहण्याची रीत



गाळपाचे दिवस जवळ आले की गट कार्यालयात एकच प्रश्न ऐकू येतो, "आपला नंबर कधी?" लागणीची तारीख, उसाची जात, लागण आहे की खोडवा, गावाचे अंतर आणि टोळीची सोय पाहून शेतकी खाते तोडणीचा कार्यक्रम लावते. हा कार्यक्रम वहीत असतो. त्यावर बोट ठेवून विचारता येते, "माझ्यानंतर लागण केलेल्याचा ऊस आधी कसा तुटला?"

आता राज्याच्या ऊसपट्ट्यात वहीच्या जोडीला दुसरे साधन आले आहे. उपग्रहाची छायाचित्रे आणि शिकवलेला संगणक यांच्या मदतीने कोणत्या वावरात ऊस कसा आहे, किती निघेल, कधी पक्व होईल, याचा अंदाज काढतात. उद्या वर्धा जिल्ह्यात तोडणीचा क्रम अशा अंदाजावर ठरू लागला, तर सभासदाने बोट कुठे ठेवायचे? त्याचे उत्तर असे की, संगणकावर झालेल्या कामांचीही एक यादी असते. ती मागता येते आणि चाळणी लावून पाहता येते. मात्र चाळणी लावण्याची रीत कळली पाहिजे. नाहीतर ज्याचे वावर हिशेबातून सुटले, त्याचे नाव कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

बारामतीत काय चालले आहे

या बाबतीत आपल्या राज्यातले ठळक उदाहरण बारामतीचे. तेथील अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आणि कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठाचेही त्याला साहाय्य आहे. २०२४ मध्ये पहिल्या टप्प्यासाठी सुमारे एक हजार ऊस उत्पादक निवडले गेले. जमिनीत ओलावा मोजणारी यंत्रे, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांची माहिती एकत्र करून पाणी, खत, रोग-कीड आणि तोडणीची योग्य वेळ यांबद्दलचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत दिला जातो. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला, तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली.

त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'महाअ‍ॅग्री-एआय' हे २०२५ ते २०२९ या काळासाठीचे धोरण मंजूर केले आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. तेव्हा हा विषय पश्चिम महाराष्ट्रापुरता राहणार नाही, हे उघड आहे.

एक चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा

युरोपच्या अवकाश संस्थेचे 'सेंटिनेल-२' नावाचे उपग्रह या कामात फार वापरले जातात, कारण त्यांची छायाचित्रे सर्वांना मोफत मिळतात. दोन उपग्रहांची जोडी मिळून एकाच जागेवरून दर पाच दिवसांनी जाते. छायाचित्रातला सर्वांत लहान चौकोन जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा भरतो. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे उपग्रह आपले वावर गुंठ्यागुंठ्याने पाहतो असे म्हटले तरी चालेल. एकरभर ऊस म्हणजे सुमारे चाळीस चौकोन.

पण या चाळीसांतले धुऱ्यालगतचे चौकोन भेसळीचे असतात. आपल्याकडे ऊस सलग पट्ट्यात क्वचितच असतो. विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्याजवळ एक वावर उसाचे, शेजारी पऱ्हाटी नाहीतर तूर. धुऱ्यावरच्या चौकोनात अर्धा ऊस आणि अर्धी तूर आली की संगणकाचा गोंधळ उडतो. लांब आणि अरुंद वावर असेल तर निर्भेळ चौकोन मोजकेच उरतात. शिवाय पावसाळ्यात ढग आडवे येतात. ढगातून पार पाहणारे रडारचे उपग्रह आहेत. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४ त्यांपैकीच. पण रडारचे चित्र वाचण्याची रीत वेगळी असते. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे काही वावरांचा हिशेब का फसतो, ते यावरून कळेल.

संगणकाला 'शिकवणे' म्हणजे काय? वीस वर्षे ऊस पाहिलेला शेतकी खात्याचा जुना माणूस धुऱ्यावर उभा राहून सांगतो, "एकरी पस्तीस टनाच्या वर जाणार नाही." त्याने हजारो वावरे पाहिली आणि पुढे काट्यावर काय वजन आले तेही पाहिले. संगणकालाही तसेच करतात. मागील हंगामांची छायाचित्रे आणि त्या वावरांची प्रत्यक्ष वजने त्याच्यापुढे ठेवतात. दोहोंमधला संबंध तो बसवतो आणि नव्या वावराचा अंदाज सांगतो. यालाच मशीन लर्निंग म्हणतात.

चक्कीवर ठेवलेला डबा

अंदाज दोन तऱ्हांनी काढता येतो. पहिली तऱ्हा तिथल्या तिथे उत्तर देण्याची. आपल्या भागात कपाशीवरील बोंडअळीसाठी अशी सोय सुरू झाली होती. वाधवानी संस्थेने तयार केलेल्या 'कॉटनएस' या अ‍ॅपमध्ये कामगंध सापळ्यात पडलेल्या पतंगांचा फोटो काढला की अ‍ॅप पतंग मोजते आणि फवारणीचा सल्ला देते. या कामासाठी त्या संस्थेला २०१९ मध्ये गुगलकडून २० लाख डॉलरचे साहाय्य मिळाले.

दुसरी तऱ्हा गठ्ठ्याने काम करण्याची. तिला बॅच म्हणतात. चक्कीवर दळणाचा डबा ठेवून आपण बाजाराला जातो, नंबर लागला की दळण होते आणि संध्याकाळी पीठ घरी येते. तसेच हे. शेकडो वावरांची यादी आणि नवी छायाचित्रे एकदम संगणकाच्या हवाली करायची आणि नंतर निकाल घ्यायचा. उसाच्या अंदाजाला मिनिटाची घाई नसते, म्हणून तिथे ही तऱ्हा सोयीची आणि स्वस्त पडते.

हे काम कारखान्याच्या कचेरीतल्या संगणकावर होत नाही, भाड्याच्या संगणकांवर होते. त्यालाच 'क्लाउड' म्हणतात. शब्दाचा अर्थ ढग असला तरी आकाशात काहीच नसते. जमिनीवरच्या मोठ्या इमारतींत हजारो संगणक ठेवलेले असतात. मायक्रोसॉफ्टने आपले असे केंद्र पुण्यात २०१५ मध्ये सुरू केले. अ‍ॅमेझॉनने मुंबईत २०१६ मध्ये आणि गुगलने मुंबईतच २०१७ मध्ये केले. वर्षातून चार दिवस नांगरटीसाठी कुणी ट्रॅक्टर विकत घेत नाही, भाड्याने सांगतो. त्यातलाच हा प्रकार. यंत्र जितका वेळ वापरले, तितके भाडे.

कामांची संख्या किती वाढते ते पाहा. एक हजार वावरे आणि दर पाच दिवसांनी एक छायाचित्र धरले तर वर्षाला ७३ फेऱ्या, म्हणजे ७३ हजार अंदाज होतात. एवढ्यांतून "माझ्या वावराचे काय झाले?" हे शोधायचे, तर यादी आणि चाळणी यांवाचून इलाज नाही.

कामाच्या अवस्था

क्लाउडकडे सोपवलेल्या प्रत्येक कामाला एक नाव असते, सोपवल्याची वेळ असते आणि अवस्था असते. कंपनी कोणतीही असो, अवस्था साधारण अशा असतात:

रांगेत – काम घेतले, पण सुरू झालेले नाही. यार्डात उभ्या असलेल्या बंडीसारखे.

चालू – यंत्रावर चढले आहे.

पूर्ण – काम संपले आणि निकाल ठेवला.

अर्धवट पूर्ण – काहींचा निकाल लागला, काहींचा नाही. ही अवस्था सर्वच कंपन्या वेगळी दाखवत नाहीत.

फसले – मध्येच बंद पडले. फाइल सापडली नाही, आकडे चुकीच्या रकान्यात होते किंवा यंत्राची ताकद अपुरी पडली, अशी कारणे असतात. कारण बहुधा कामाच्या नोंदीतच लिहिलेले असते.

थांबवले – कुणीतरी मुद्दाम बंद केले.

मुदत संपली – दिलेल्या वेळात काम उरकले नाही.

यादी मागायची आणि चाळायची

यादी मागताना चार चाळण्या हाताशी असतात. अवस्था, तारीख, नाव आणि क्रम. "१ नोव्हेंबरनंतर सोपवलेली, नावात अमुक गटाचा क्रमांक असलेली, फसलेली कामे जुनी आधी दाखव," असे संगणकाला सांगता येते. गव्हाच्या चाळणीतून खडे वेगळे काढावेत तशी नेमकी कामे पुढे येतात. प्रत्येक चाळणीत मात्र एकेक खोच आहे.

पहिली खोच पानांची. यादी एकदम सगळी मिळत नाही, पानापानाने मिळते. अ‍ॅमेझॉनच्या सेजमेकर या सेवेत गठ्ठ्याच्या कामांची यादी मागितली आणि किती हवीत ते सांगितले नाही, तर फक्त दहा कामे येतात. एका वेळी जास्तीत जास्त शंभर मागता येतात. पुढचे पान हवे तर पहिल्या पानासोबत आलेले टोकन परत द्यावे लागते. समजा चौदा गट आहेत आणि प्रत्येकाचे एक काम. कारकुनाने एकच पान पाहून "सगळे झाले" म्हटले, तर चार गट पाहायचेच राहिले. टोकन मिळते आहे तोवर यादी संपलेली नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

दुसरी खोच तारखेची. हे संगणक बहुधा जागतिक वेळ धरतात आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ नोव्हेंबरच्या पहाटे चार वाजता सोपवलेले काम त्यांच्या हिशेबाने ३१ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाचे होते. "१ नोव्हेंबरपासूनची" अशी चाळणी लावली की ते गळून पडते. म्हणून तारीख नेहमी एक दिवस मागची धरून यादी काढावी.

तिसरी खोच नावाची. अनेक सेवांत कामाचे नाव रोमन अक्षरांतच द्यावे लागते. सेजमेकरमध्ये तर इंग्रजी अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच चालते, आणि तेही त्रेसष्ट अक्षरांच्या आत. आता आपले सेलू घ्या. रोमनमध्ये कुणी शेवटी एक 'यू' लिहितो, कुणी दोन 'ओ' लिहितो. परभणी जिल्ह्यात आणखी एक सेलू आहेच. एका स्पेलिंगने शोधले तर दुसऱ्या स्पेलिंगची कामे दिसत नाहीत. म्हणून कामाला गावाच्या नावावरून नाव देण्यापेक्षा गटाचा क्रमांक, हंगाम आणि छायाचित्राची तारीख ठरलेल्या क्रमाने घालणे शहाणपणाचे.

चौथी खोच बाजूला सारलेल्या कामांची. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरमध्ये जुनी म्हणून बाजूला ठेवलेली कामे नेहमीच्या यादीत येत नाहीत, ती वेगळी मागावी लागतात. तेव्हा हंगाम संपेपर्यंत यादीची एक प्रत आपल्या कचेरीत ठेवलेली बरी.

'पूर्ण' म्हणजे बरोबर नव्हे

सर्वांत मोठी गफलत इथे होते. समजा एका गटात ४०० वावरांची नोंद आहे. शंभर-शंभरची चार कामे केली. तीन पूर्ण झाली, एक फसले. कारकुनाने 'पूर्ण' ही चाळणी लावली. पडद्यावर तीन कामे आली आणि तिन्ही हिरवी. फसलेले काम पडद्यावर नाहीच, कारण चाळणीनेच ते अडवले. म्हणजे शंभर वावरे नजरेआड झाली.

एवढ्यावर भागत नाही. पूर्ण झालेल्या तीन कामांत ३०० वावरे होती, पण निकालाच्या फाइलीत ओळी २९१ च निघाल्या. नऊ वावरांवर त्या दिवशी ढग होता. काम 'पूर्ण' झाले, पण त्या नऊ जणांचा अंदाज निघाला नाही. अशा रीतीने ४०० पैकी १०९ वावरे मागे राहिली आणि पडद्यावर मात्र सगळे हिरवे.

आता फसलेले काम पुन्हा लावले आणि त्यातून ९६ ओळी मिळाल्या असे धरू. २९१ आणि ९६ मिळून ३८७. उरली १३. या तेरा वावरांना दुसऱ्या छायाचित्राची वाट तरी पाहावी लागेल, नाहीतर शेतकी खात्याच्या माणसाला धुऱ्यावर जाऊन ऊस पाहावा लागेल. काम थोडेच आहे, पण ते तेरा कोण, हे कळले तरच होईल.

हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. नुकसान मात्र कुणालाही ठाऊक आहे. अंदाज नाही म्हणून नाव कार्यक्रमात मागे पडले, तर ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहतो. तुरा येतो, वजन घटते, खोडवा बिघडतो आणि विहिरीचे पाणी त्याच उसाला पुरवावे लागते. पैसे शेवटी काट्यावरच्या वजनाचेच मिळणार, तेव्हा ही घट थेट सभासदाच्या घरात येते. आणि हिशेबातून सुटण्याची शक्यता कुणाची जास्त? ज्याचे वावर लहान, अरुंद, तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या मध्ये सापडलेले, त्याची. मोठ्या सलग बागायतदाराच्या वावरात निर्भेळ चौकोन भरपूर असतात. यंत्र कुणाशी दुजाभाव करत नाही हे खरे, पण लहान वावर त्याला नीट दिसत नाही, हेही तितकेच खरे.

'चालू' या यादीकडेही लक्ष हवे. चालू कामे जुनी आधी अशा क्रमाने मागितली, तर एखादे अडकून पडलेले काम लगेच वर येते. यंत्र अडकले तरी भाड्याचे मीटर फिरतच राहते, आणि ते पैसे कारखान्याचे म्हणजे आपलेच.

मिळवणी जुनीच

हिशेबाची रीत आपल्याला नवी नाही. काट्यावरच्या पावत्या आणि गव्हाणीत पडलेल्या गाड्या यांची मिळवणी रोज होते. तशीच मिळवणी इथे करावी. नोंदलेली एकूण वावरे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला अंदाज निघालेली, रांगेतली, चालू, फसलेली, थांबवलेली, मुदत संपलेली आणि काम पूर्ण होऊनही निकाल न लागलेली, या सर्वांची बेरीज. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. एकाचाही फरक आला तर तो एक सभासद आहे, हे विसरू नये.

आपल्या कारखान्याने पुढेमागे अशी सेवा घेतली, तर सभासदांनी गट कार्यालयात आणि सर्वसाधारण सभेत हे विचारावे:

१. माझे वावर कोणत्या कामात गेले होते आणि त्या कामाची अवस्था काय?

२. अंदाज कोणत्या तारखेच्या छायाचित्रावरून काढला? त्या दिवशी ढग होता काय?

३. फसलेल्या कामांची आणि निकाल न लागलेल्या वावरांची वेगळी यादी फलकावर लावता काय?

४. अशा वावरांची प्रत्यक्ष पाहणी कोण करणार आणि किती दिवसांत?

५. अंदाज आला नाही म्हणून कुणाचा नंबर मागे टाकला काय?

यांतल्या कोणत्याही प्रश्नासाठी इंग्रजी किंवा संगणक येण्याची गरज नाही. उत्तर देणाऱ्याने फक्त दोन याद्या पुढे ठेवायच्या. झालेल्यांची यादी अभिमानाने दाखवली जातेच. आपण न झालेल्यांची आधी मागावी.

आपल्याकडचे काम

संगणकाला दिलेली माहिती चुकीची असेल, तर कोणतीही चाळणी कामाची नाही. लागणीची तारीख अंदाजाने सांगितली, खोडव्याला लागण लिहिले, वाटणी झाली तरी जुन्याच गट नंबरावर नोंद ठेवली, तर छायाचित्र एका वावराचे आणि हिशेब दुसऱ्याचा असे होते. म्हणून आपली ऊसनोंद स्वतः जाऊन पाहावी. सातबाऱ्यावरील गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख आणि मोबाइल क्रमांक हे पाच रकाने तपासावेत. वावराचे धुरे मोबाइलवर मोजून घेण्यासाठी शेतकी खात्याचा माणूस आला, तर त्याच्यासोबत चारही कोपरे फिरावे, घरूनच हात दाखवू नये. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या नोंदी शेजारच्या शिकलेल्या मुलामुलींनी वाचून दाखवाव्यात.

हे काम हंगाम सुरू होण्याच्या आत करावे. टोळ्या वावरात उतरल्यावर नोंद दुरुस्त करायला कुणालाच सवड राहत नाही.